चित्स्केचं माहेर

बसने अचानक ब्रेक मारला आणि आर्थरच्या तोंडून बाहेर पडलं, “ऑख हेदन!”

शेजारच्या बाईने मांडीवरची पिशवी सावरता सावरता वळून त्याच्याकडे पाहिलं. पुढे कुणी सायकलवाला आडवा आला होता, ड्रायव्हर हात नाचवून त्याला चार शब्द ऐकवत होता. मग बस पुन्हा हलली, हल या इंग्रजी शहराची ती ओली, करड्या रंगाची दुकानं पुन्हा मागे सरकू लागली, पण आर्थर त्या दोन शब्दांपाशीच थांबून राहिला होता. ते शब्द त्याचे नव्हते. इंग्रजीसुद्धा नव्हते. ‘अगंबाई’ आणि ‘अरे देवा’ यांच्या मधे कुठेतरी बसणारे ते शब्द चित्स्केचे होते. दूध उतू गेलं, लहानगा कॉलिन गुडघे फोडून घरी आला, शेजारणीच्या नवऱ्याला नोकरीवरून काढलं, की छातीवर तळवा ठेवून ती म्हणायची, ऑख हेदन. आख्खा संसार त्याने ते ऐकलं होतं आणि एकदाही त्याच्या जिभेवर ते आलं नव्हतं. ती जाऊन आता वर्ष होत आलं, आणि आज, म्हातारपणी, भर बसमध्ये, तिच्याच चालीत, शेवटचं अक्षर तसंच गिळून, त्याच्या तोंडून ते निघालं होतं. आपला डावा तळवा कोटाच्या वरच्या बटणावर टेकलाय हेही त्याच्या तेव्हाच लक्षात आलं. त्याने हात खाली घेतला. उतरायचा थांबा केव्हाच मागे गेला होता.

तो पुढच्या थांब्यावर उतरला आणि उलटा चालू लागला. आदल्याच दिवशी हेदरचा फोन आला होता. “बाबा, जुलैमध्ये आम्ही दोघं आफ्के मावशीकडे जातोय. मावशी ऐंशीची होतेय. तू येतोस ना?” तो म्हणाला होता, “मी कशाला? तुझं आजोळ आहे ते. तुम्ही जा.” हेदर म्हणाली होती, “तुझं काहीच नाही का तिथे?” या प्रश्नाला खरं तर सरळ उत्तर होतं. बायको असते तोवर सासुरवाडी. बायको गेली की ते एक परक्या मुलखातलं घर. त्या घराशी आपला संबंध एका माणसाच्या मधून होता, आणि ते माणूस आता या शहराच्या दफनभूमीत, लिंडेनच्या झाडाखाली, समुद्राच्या या बाजूला आहे. हे सगळं त्याच्या मनात आलं होतं, पण फोनवर तो एवढंच म्हणाला होता, “बघू.”

बघू काय? त्याने कितीतरी जुलै तिथे काढले होते. त्याच्या कचेरीतली माणसं, वर्तमानपत्रात त्याच्याबरोबर प्रुफं तपासणारी, सुट्टीत स्पेनला जायची आणि लाल होऊन यायची. तो मात्र दर वर्षी बोटीने समुद्र ओलांडून, मग आगगाडीने, मग एका खडखडणाऱ्या बसने वोर्सम नावाच्या त्या डच खेड्यात पोचायचा. गाव म्हणजे एक कालवा, एक चर्च, आणि बाकी सगळं आभाळ. आफ्केचं घर कालव्याला लागून, खिडक्यांना पडदे असून कधी न ओढलेले, आत काय चाललंय ते येणाऱ्या-जाणाऱ्याने खुशाल बघावं. दारात त्याचा साडू डर्क उभा असायचा, गाईंच्या वासाचा, दरवाजाएवढा. त्याचं स्वागत ठरलेलं, “आर्थर, यंदा जाडा झालास.” त्याला तेवढंच इंग्रजी धड यायचं. सकाळी पावावर लोणी आणि त्यावर चॉकलेटचा बारीक चुरा, मोठीमोठी माणसंसुद्धा तेच खायची. दहाला कॉफी. कॉफीबरोबर एक बिस्किट, आणि मग आफ्के डब्याचं झाकण असं दाबून लावायची की दुसऱ्या बिस्किटाचा विचार मनात आल्याचीच लाज वाटावी. मग शेजारीपाजारी जमायचे, खुर्च्या गोल मांडल्या जायच्या, आणि बोलणं सुरू व्हायचं. त्या गोलात आर्थर बसायचा. बसायचा म्हणजे नुसता बसायचा. आयुष्यभर शब्दांवर पोट भरलेला माणूस, स्वल्पविराम हुकला तर ज्याला रात्री झोप लागत नसे, तो तिथे गोठ्यातल्या मुक्या जनावरासारखा माना वळवत बसायचा. सगळे हसले की हसायचा, अंमळ उशिरा.

आणि चित्स्के. तिचं नाव हलमध्ये कुणालाच उच्चारता येत नसे. नर्स म्हणून ती इथल्या इस्पितळात आली, तेव्हा पहिल्याच दिवशी मेट्रनने तिची ‘किटी’ करून टाकली, आणि ती किटीच राहिली. किटी हळू बोलायची. प्रत्येक इंग्रजी वाक्य आधी मनात घडी घालून ठेवायची आणि मग बाहेर काढायची. तरी दुकानदार कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, “पुन्हा सांगा, बाई?” आर्थरला वाटायचं आपल्या बायकोचा स्वभावच मऊ आहे, मितभाषी आहे, आणि तो मऊपणा त्याला आवडायचा. पण बोटीवरून पलीकडचा सपाट किनारा दिसू लागला की ती डोक्याचा रुमाल सोडून खिशात कोंबायची, आणि वोर्समच्या बसमधून उतरेपर्यंत तिचा आवाज दुप्पट झालेला असायचा. त्या घरात ती टेबलावर थाप मारून बोलायची. दुसऱ्याचं वाक्य अर्ध्यात तोडायची. डर्कच्या पाठीत गुद्दा घालायची. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. आर्थर गोलाच्या दुसऱ्या टोकाला बसून बघायचा आणि त्याच्या मनात यायचं, ही बाई कोण? हिच्याशी माझं लग्न झालंय का? मत्सर म्हणावा तर तसं नव्हतं. आपल्या घरात कुणीतरी एक खोली वर्षानुवर्षं बंद करून ठेवली आहे आणि ती आपण दुसऱ्याच्या खिडकीतून बघतोय, असं काहीतरी.

एका कडक उन्हाळ्यातला जुलै त्याला सगळ्यात जास्त आठवतो. त्याच वसंतात चित्स्केची आई गेली होती. कालव्याच्या टोकाचं तिचं छोटं घर रिकामं पडलं होतं. पाऊस नव्हता, कुरणं पिवळी पडली होती, कालव्याचं पाणी खाली गेलं होतं आणि चिखलाचा गोडसर कुजका वास दिवसभर हवेत असायचा. हेदर आणि कॉलिन अनवाणी फिरून काळेठिक्कर झाले होते आणि आईच्या भाषेत आपसात भांडायला लागले होते. गावची जत्रा होती. संध्याकाळचं ऊन लांब पडलेलं, आणि बायकांची कालवा-उडी चालली होती. माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीची काठी कालव्याच्या तळात रोवायची, तिला लटकायचं, आणि ती आडवी होता होता पलीकडच्या काठावर अंग टाकायचं. चित्स्के लहानपणी टिटवीची अंडी शोधताना असेच कालवे ओलांडायची म्हणे. म्हणे, कारण आर्थरने कधी पाहिलं नव्हतं. डर्क ओरडून काहीतरी म्हणाला, बायका हसल्या, आणि चाळिशी गाठलेली, दोन मुलांची आई असलेली त्याची बायको उठली, तिने बूट काढले, मोजे काढले, झगा गुडघ्यापर्यंत खोचला आणि काठी उचलली.

तिचं धावणं त्याला अजून दिसतं. टाचा, पिंढऱ्या, मग काठीच्या टोकाशी हवेत थांबलेली ती, आणि कालव्यात तिची सावली. क्षणभर वाटलं काठी तशीच उभी राहणार, ती तिथेच टांगलेली राहणार. मग काठी कलली आणि ती पलीकडच्या गवतात कोसळली, गडगडत उभी राहिली, दोन्ही हात वर. सगळं गाव ओरडत होतं. पूल लांब होता. आर्थर काठावर आला आणि त्याने हाक मारली, “किटी!” तिने वळून पाहिलं नाही. तिला ते नाव ऐकूच गेलं नाही. मग त्याने ओरडून हाक मारली, “चित्स्के! लागलं का?” तेव्हा ती वळली, केस तोंडावरून मागे सारले, आणि हसत हसत, धापा टाकत, त्याच्याशी बोलू लागली. पुष्कळ बोलली. मधेच काठीकडे बोट दाखवलं, मधेच आभाळाकडे, शेवटी काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. त्यातला एक शब्दही इंग्रजी नव्हता. आपण कुठल्या भाषेत बोललो हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. आर्थरने मान हलवली, हसला, तिथे सगळ्यांना बघून हसायचा तसा. आणि तेवढ्याने तिचं समाधान झालं. ती बायकांच्या घोळक्याकडे वळली. कालव्याचं ते पाणी, आटलेलं, हिरवट, उडी मारून पार करता येईल एवढं, तो कितीतरी वेळ बघत उभा होता.

दुसऱ्या दिवशी बांधावरून दोघं सायकलने चालली होती. वारा समोरून. ती वाऱ्याला कधी शिव्या देत नसे, मान खाली घालून पायडल मारायची.

“आर्थर, आईचं घर रिकामं आहे.”

“हं.”

“आफ्के म्हणते, बेकरीत बाई हवीय. गावातच. आणि मुलं रमलीत, तू बघतोसच.”

“आणि मी काय करू इथे? गाईंची प्रुफं तपासू?”

ती हसली. मनापासून हसली, हीच पंचाईत. रागावली असती, रडली असती, तर त्याला पुढे काही बोलता आलं असतं. ती हसली, मान खाली घालून पायडल मारत राहिली, आणि पुलापाशी म्हणाली, “वारा पडला बघ.”

त्यानंतर घरात सगळ्यांच्या बोलण्यात त्याला आपलं नाव ऐकू येऊ लागलं. अनोळखी शब्दांच्या ओघात मधेच एक ‘आर्थर’, ओढ्यातल्या दगडासारखा. एकदा त्याने आफ्केला विचारलंच, “माझ्याबद्दल काय म्हणालीस?” आफ्के चित्स्केहून थोरली, हाडापेराने मोठी, मनात असेल ते तोंडावर बोलणारी. आपल्या मोडक्या इंग्रजीत ती म्हणाली, “मी म्हणाले, हा माणूस खुर्चीसारखा आहे. चांगला. मजबूत. बोलत नाही.” सगळे हसले. तोही हसला. सुट्टी संपायच्या आधीच, कचेरीतून बोलावणं आलंय असं सांगून तो एकटा निघाला. बोलावणं आलं नव्हतं, आणि चित्स्केलाही ते माहीत होतं. स्टेशनावर तिने त्याची कॉलर नीट केली. “मुलांना घेऊन मी मागून येते,” म्हणाली. कधी, ते म्हणाली नाही.

हलच्या त्या रिकाम्या घरात त्याला कळलं की शांतता दोन प्रकारची असते. एक आपण न बोलल्यामुळे असलेली आणि एक ऐकायला कुणी नसल्यामुळे असलेली. तिचा फोन यायचा. “अजून थोडे दिवस, आर्थर. इथे आवराआवर आहे.” तो म्हणायचा, “राहा की. घाई काय आहे?” फोन ठेवला की तो स्वयंपाकघरात येऊन बसायचा. मग एक दिवस त्याने दुकानातून डच भाषा शिकवणारं पुस्तक आणलं. कचेरीतून आला की कोट न काढता टेबलाशी बसायचा आणि चहाच्या किटलीकडे बघून मोठ्याने वाक्यं म्हणायचा. हे माझे घर आहे. मला भूक लागली आहे. तो घशातून काढायचा ‘ख’ त्याला जमेना. तो जमावा म्हणून आर्थर आंघोळ करताना खाकरायचा. शाळा उघडायला आल्या तेव्हा ती आली. त्याला अगोदर कळवलं होतं, तो धक्क्यावर उभा होता. मुलं धावत पुढे आली, मागून ती, दोन्ही हातांत बॅगा, डोक्याला पुन्हा रुमाल. आणि आर्थरने सगळा जीव गोळा करून आपलं एकमेव तयार वाक्य म्हटलं, तू आलीस याचा मला आनंद झाला आहे.

तिने बॅगा खाली ठेवल्या. त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला.

“आर्थर, हे डच आहे.”

“म्हणजे?”

“आमच्या घरात फ्रिजियन बोलतात, आमच्या मुलखाची वेगळी भाषा. डच आम्ही फक्त करवसुलीवाल्याशी बोलतो. आणि रविवारी देवाशी.”

धक्क्यावर, बॅगांच्या आणि माणसांच्या गर्दीत, ती तिथल्यासारखी हसली, पोट धरून. हलच्या जमिनीवर पहिल्यांदा. तो चुकीची भाषा शिकला होता, आणि त्या चुकीवर त्यांनी पुढचा सगळा संसार केला. ती परत का आली हे त्याने कधी विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल अशी भीती होती. मुलांची शाळा, म्हणाली असती. किंवा, सवय. पुढेही दर जुलैला सगळे जात राहिले, तो गोलात बसत राहिला, मुलं मोठी झाली, डर्क गेला, चित्स्केचे गुडघे गेले, आणि तो प्रश्न त्याच्याजवळच राहिला. खिशात राहून गेलेल्या परदेशी नाण्यासारखा, जे मोडताही येत नाही आणि टाकताही येत नाही.

बसच्या त्या थांब्यावरून चालत घरी पोचल्यावर त्याने कोट काढायच्या आधी हेदरला फोन लावला. “येतो मी,” म्हणाला.

वोर्सम बदललं होतं आणि नव्हतं. आफ्के काठी टेकत दारात आली. आता ती लहान झाली होती, जणू कुणी धुऊन आटवली होती. तिने आधी हेदरला मिठीत घेतलं, मग त्याच्याकडे बघितलं. “आर्थर, तू वाळलास,” म्हणाली. शौचालयात भिंतीवर वाढदिवसांची दिनदर्शिका टांगलेली, तिथल्या प्रत्येक घरात असते तशी. चित्स्केच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक क्रूस काढला होता. त्याचं नाव त्याच्या तारखेपुढे होतं तसंच होतं, एका अक्षराची चूक असलेलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या आर्थरला ही चूक दुरुस्त करावीशी कधी वाटली नव्हती. आज तर तिच्यामुळे ते नाव आणखीच आपलं वाटलं.

वाढदिवसाच्या सकाळी तो स्वयंपाकघरात, कपाटाला टेकून उभा राहिला. पाहुणे यायला लागले होते. तिथली रीत अशी की ज्याचा वाढदिवस त्याचंच नव्हे, त्याच्या घरच्या प्रत्येकाचं अभिनंदन करायचं. बहिणीबद्दल अभिनंदन, मामीबद्दल अभिनंदन, असं म्हणत पाहुणे घरच्यांचे हात हलवत ओळीने पुढे सरकतात. पूर्वी आर्थरला याची गंमत वाटायची, जन्मली दुसरी आणि अभिनंदन माझं. पण तेव्हा तो चित्स्केला लागून उभा असायचा, तिच्यावरून ओघळून आलेलं अभिनंदन घ्यायचा. आज ती मधली जागा रिकामी होती, म्हणून तो त्या ओळीत उभाच राहिला नाही. बाहेरच्या खोलीत हेदर आणि तिचा नवरा हात हलवत होते. आता पाहुणे बसतील, मग आपण मागून जाऊन बसू, कुणाच्या लक्षात येणार नाही, असं तो ठरवत होता, तेवढ्यात एक म्हातारी बाई स्वयंपाकघराच्या दारात आली. कोण ते त्याला आठवेना, पण ती त्याला शोधत आली होती हे नक्की. तिने सरळ येऊन त्याचा हात हातात घेतला. “मेहुणीबद्दल अभिनंदन, आर्थर,” ती तिच्या भाषेत म्हणाली, आणि आश्चर्य म्हणजे ते त्याला समजलं. तिच्या मागे तिचा मुलगा होता. त्याच्या मागे बेकरीवाला. स्वयंपाकघराच्या अरुंद दारात रांग लागली. एकेक जण आत येत होता, त्याचा हात हलवत होता, मेहुणीबद्दल अभिनंदन, मेहुणीबद्दल अभिनंदन, आणि आर्थर प्रत्येकाला मान तुकवून धन्यवाद म्हणत होता.

दुपारी पाहुणे गेले. हेदर नवऱ्याला घेऊन कालव्यावर फिरायला गेली. आफ्केने त्याच्या अंगावर कोरडं फडकं फेकलं. “पूस,” म्हणाली. ती कपबशा धुऊन देऊ लागली, तो पुसू लागला. खिडकीबाहेर काळ्या-पांढऱ्या गाई एकाच दिशेला तोंडं करून उभ्या होत्या. आणि मग, कसलीही तयारी नसताना, जसे त्या दिवशी बसमध्ये ते शब्द बाहेर पडले तसाच हाही प्रश्न बाहेर पडला.

“आफ्के, त्या उन्हाळ्यात ती परत का आली?”

कुठला उन्हाळा, असं आफ्केने विचारलं नाही. तिने बशी पाण्यातून काढली, उलटी धरून निथळू दिली.

“मी तिच्याशी भांडले. पुष्कळ. म्हणाले, राहा इथे, तो माणूस खुर्ची आहे, नुसता बसतो.” आफ्के इंग्रजी शब्द शोधत, थांबत थांबत बोलत होती, चित्स्के सुरुवातीला बोलायची तशी. “ती म्हणाली, हो, बसतो. दर वर्षी येतो आणि बसतो. काही कळत नाही तरी बसतो. तू माझ्यासाठी हलला येऊन, त्याच्या माणसांत, एक दिवस बसशील का?”

“मग?”

“मग काय! मी चिडले. तो हिवाळा तिच्याशी बोलले नाही.” तिने बशी त्याच्या हातात दिली. “कारण मी कधीच नसते आले. मला लाज वाटायची. इथे मी आफ्के. तिथे माझं तोंड उघडलं की सगळे हसणार. आले नाही. तिला पुरलं तेव्हासुद्धा आले नाही. सगळ्यांना सांगितलं, खुबा दुखतो. दुखतो, खरंच दुखतो. पण तेवढा नाही.”

आर्थर बशी पुसत राहिला. ती केव्हाच कोरडी झाली होती. बाहेर एक गाय वळली आणि मग हळूहळू बाकीच्याही वळल्या. त्याला वाटलं होतं, हे उत्तर मिळालं की आत काहीतरी जागच्या जागी बसेल, कुलूप बसतं तसं. तसं काही झालं नाही. उलट ते सगळे जुलै, गोलातले ते लांबलचक, न समजणारे तास, अंमळ उशिराने हसलेलं ते प्रत्येक हसू, एकदम पुन्हा त्याच्यापुढे आलं, आणि त्या प्रत्येक जागी, समोरच्या टोकाला, थापा मारून बोलता बोलता मधेच त्याच्याकडे बघून घेणारी चित्स्के होती. ती बघायची. हे त्याला माहीत होतं. नेहमीच माहीत होतं. पण हा माणूस कंटाळला तर नाही ना, म्हणून ती बघते, असं त्याला वाटायचं.

आफ्केने पाणी सोडून दिलं, हात पुसले, खुर्ची ओढून बसली.

“तुझ्या घरी जिना आहे?”

“आहे. पण खाली एक खोली आहे.”

“बोटीवर काठीवाल्या माणसांना चढवतात?”

“चढवतात. मी बरोबर असेन.”

“मला तिची जागा बघायचीय. मग थोडे दिवस बसेन. मी बोलणार नाही काही.”

“नको बोलूस.”

“तिकडे पाऊस असतो.”

“इथेही असतो.”

आफ्के विचारात पडली. कपाटावरच्या डब्याकडे तिची नजर गेली.

“आणि कॉफी? कशी असते तिकडे?”

आर्थरने खरं काय ते सांगितलं. “वाईट.”

“मग मी घरची आणीन,” आफ्के म्हणाली. उठून तिने फळीवरून कॉफीची बंद पिशवी काढली, हातात तोलून पाहिली, आणि तिच्याशेजारी आणखी एक काढून ठेवली.